निवडलेले छर्रे

नोकरी गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नवऱ्यानं माझी परात पळवली. मी क्लिनिकमधून घरी आले तर हा जेवायच्या टेबलाशी चष्मा कपाळावर चढवून बसलेला, पुढ्यात परात आणि परातीत शिशाचे छर्रे. तांदूळ निवडावेत तसा तो एकेक छर्रा बोटानं बाजूला सारत होता.

"ती कणकेची परात आहे," मी म्हणाले.

"धुऊन देतो."

"शिसं आहे ते. धुऊन जातं?"

"मग तू नवी आण. ही आता माझी," मान वर न करता तो म्हणाला.

आम्ही कॉलेजपासून एकमेकांना अरेतुरे करतो. सासूबाईंना ते कधीच रुचलं नाही, पण त्यामुळे भांडताना फार सोय होते. त्या दिवशी मात्र मी भांडले नाही. निदान हा कशात तरी गुंतला आहे, असं वाटून गप्प बसले. त्याआधीचे आठ-दहा दिवस तो नुसता घरात फेऱ्या मारत होता. हॉलमधून बाल्कनी, बाल्कनीतून स्वयंपाकघर, फ्रिज उघडायचा, बंद करायचा, परत बाल्कनी. पायाला भिंगरी लागल्यासारखा. सकाळी ऑफिसला जायच्या वेळेला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचा आणि मग सोफ्यावर बसून राहायचा. ते मला बघवत नव्हतं.

आमचं घर शारजात, अल नहदामध्ये, सातव्या मजल्यावर. बाल्कनीतून दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग दिसायची. नवरा इतकी वर्षं त्याच रांगेत उभा राहून रास अल खोरच्या कारखान्यात जायचा. तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि टॉवरना बाहेरून लावायच्या काचांच्या चौकटी बनत. तो तिथला क्वालिटी मॅनेजर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याला नुसत्या नजरेनं कळायचा, आणि घरी दाराची चौकट, टेबलाचा पाय, माझी पोळी, काहीही त्या नजरेतून सुटायचं नाही. २००८ संपता संपता टॉवरच अर्धवट राहिले, क्रेन आकाशात जिथल्या तिथे थांबल्या. मग चौकटी कोणाला हव्या होत्या? आधी साइटवरची माणसं गेली, मग हिशेबातली, मग हा.

आता तिथला नियम असा की व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला की पुढचे तीस दिवस मोकळे. तेवढ्यात दुसरी नोकरी धरायची, नाही तर गाशा गुंडाळायचा. मी एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनवर होते. माझ्या पदावर नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा निघत नव्हता. मुलगी नववीच्या शेवटाला आलेली, बोर्डाचं रजिस्ट्रेशन त्याच शाळेतून झालेलं, एप्रिलपासून दहावी. तिला मराठी धड लिहिता येत नाही, पुण्यात ती दर दोन वर्षांनी महिनाभर जाते तेवढीच. तिला ऐन दहावीत उचलून न्यायचं का, हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात रात्रंदिवस घोंगावत होता. जीव अगदी टांगणीला लागला होता.

आणि घरातला कर्ता पुरुष छर्रे निवडत होता.

छर्रे मुलीचे. ती शहराबाहेरच्या एका क्लबात एअर रायफल शिकायची. रायफल क्लबची, ती तिथेच कुलपात राही, पण छर्रे ज्याचे त्यानं आणायचे. मार्चमध्ये वेगवेगळ्या क्लबांतल्या मुलांची मॅच होती. तोवर नवऱ्यानं या खेळात लक्ष घातलं नव्हतं, तिला सोडायचं आणि आणायचं एवढंच. पण आता वेळच वेळ. त्यानं जाडी मोजायचा त्याचा कारखान्यातला व्हर्नियर काढला, आपल्याकडे सोनार वापरतात तसला छोटा वजनकाटा आणला, आणि छर्रा म्हणजे काय चीज आहे ते समजून घेतलं.

मलाही ते समजावून घ्यावं लागलं, कारण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. छर्रा पुढून सपाट आणि मागे घेरदार असतो, परकर घातल्यासारखा. त्या घेराला जराही चेप आला की छर्रा भरकटतो. डोक्याचा व्यास प्रत्येक डबीवर लिहिलेला असतो, आणि एका कंपनीचा एकाच मापाचा छर्रा एका रायफलीतून सोन्यासारखा जातो, दुसरीतून कुठेही जातो. म्हणून रायफल वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, घट्ट आवळायची, माणसाचा हात त्यात नकोच, आणि प्रत्येक प्रकारचे पाच-पाच छर्रे कार्डावर मारून बघायचे. पाचही एकाच भोकातून गेले तर तो छर्रा आपला. हे सगळं क्लबच्या कोचकडून त्यानं करून घेतलं. कोच इजिप्तचा, ढेरपोट्या, शांत माणूस. तो म्हणाला होता, "हबीबी, युअर डॉटर शूट्स गुड. लीव्ह इट." पण आमचे साहेब हात धुऊन मागे लागले होते.

शेवटी एक जर्मन डबी जिंकली. मी किंमत विचारली.

"साठ दिरहॅम."

"म्हणजे जवळजवळ आठशे रुपये. छर्ऱ्यांना."

"अगं, मॅचसाठी आहेत."

त्या डबीतलेही सगळे चालणार नव्हते. तो ते काचेच्या तुकड्यावरून घरंगळवायचा, जो वाकडा जाई तो बाद. मग वजन. मग भिंगातून घेर. असे एकेक पारखून घेतलेले छर्रे त्यानं फोमच्या ट्रेमध्ये, प्रत्येकाला स्वतंत्र भोक पाडून, निजवून ठेवले. आणि मुलीला बजावलं, "यांना हात लावायचा नाही. हे मॅचच्या दिवशी. प्रॅक्टिसला तुझी ती निळी डबी वापर."

"बट बाबा, प्रॅक्टिसला का नाही?"

"संपतील."

हे मला अगदी ओळखीचं होतं. चांगलं ते पुढे कधीतरी, हा आमच्या घराचा कायदाच. पुण्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर चादरी घालून ठेवल्या होत्या, कारण आम्ही परत गेल्यावर त्यावर बसणार होतो. दुबईच्या ड्रॅगन मार्टमधून आणलेला पांढरा डिनर सेट खोक्यासकट पलंगाखाली होता, तोही पुण्यासाठी. इथे आम्ही टवके उडालेल्या ताटल्यांत जेवत होतो. अल नहदामधल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत पलंगाखाली असं एखादं खोकं असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

नवरा छर्रे निवडताना वडिलांची गोष्ट सांगायचा. माझे सासरे चिपळूणजवळच्या खेड्यात राहायचे आणि पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. दारू, चिंध्या, छर्रे सगळं घरीच भरायचं, आणि वर घोड्याखाली केप बसवायची. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. तिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. केप नीट नसेल तर बाकी सगळं कितीही चांगलं भरलेलं असो, उपयोग शून्य. सासरे म्हणे ओसरीवर बसून केपा निवडायचे. कानाशी हलवून बघायचे, नखानं तपासायचे. साध्या केपा माकडं हुसकवायला, आणि मुंबईहून आणवलेल्या उंची केपा एका डबीत, फडक्यात गुंडाळून, रानडुकरासाठी. "बाबांनी कधी घाई केली नाही," नवरा म्हणायचा. "योग्य केप, योग्य वेळ."

गोष्ट तो इथेच संपवायचा. तिचा शेवट मला सासूबाईंनी सांगितला होता. डुक्कर आलं, भाताच्या खाचरात मनसोक्त लोळलं, सासऱ्यांनी फडक्यातली उंची केप काढली, आणि ती त्यांच्या बंदुकीवर बसेचना. तोंड किंचित लहान होतं. इतकी वर्षं एकदाही बसवून पाहिली नव्हती, कारण वाया जाईल. डुक्कर निवांत जेवून गेलं. सासूबाई हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि लगेच इकडेतिकडे बघायच्या.

मी हे नवऱ्याला कधी ऐकवलं नव्हतं. त्या महिन्यात मात्र रोज जिभेवर यायचं, कारण एक फोन रोज यायचा.

फोन करणारा वसईचा एक मुलगा. पूर्वी कारखान्यात नवऱ्याच्या हाताखाली होता, आमच्याकडे ख्रिसमसचा केक घेऊन यायचा. मंदी यायच्या आधीच तो अबू धाबीला गेला होता आणि तिथलं काम चालू होतं. "सर, एक जागा आहे. साइट इन्स्पेक्टर. मॅनेजरची नाही, सर, सॉरी. पण व्हिसा देतील, लगेच." साइट इन्स्पेक्टर म्हणजे हेल्मेट घालून उन्हात मजले चढायचे, आणि वर या मुलाच्या हाताखाली.

"बघतो रे," नवरा म्हणायचा. "एका ठिकाणी बोलणं चालू आहे."

एका ठिकाणी म्हणजे एका मोठ्या कंपनीत, मॅनेजरच्या जागेसाठी. तिथली एचआरची बाई प्रत्येक वेळी गोड आवाजात "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक" म्हणायची. तिथल्या इन्शाल्लाचा अर्थ आवाजावरून ओळखायचा असतो, आणि या आवाजाचा अर्थ दगडालाही कळला असता. नवऱ्याला मात्र कळत नव्हता, किंवा कळूनही वळत नव्हता. व्हिसा रद्द झाल्याचा शिक्का पासपोर्टवर पडला होता. मी क्लिनिकमध्ये पेशंटला तारखा देताना मनात आमची तारीख मोजायची.

एकदा माझा बांध फुटला. तो भिंगातून छर्रा बघत होता.

"त्याला हो म्हण," मी म्हणाले. "अबू धाबीला हो म्हण."

"एकदा इन्स्पेक्टर झालो की पुन्हा मॅनेजर म्हणून कोण घेणार? थोडं थांबायला हवं."

"कशासाठी? ती बाई तुझ्या तोंडाला पानं पुसतेय."

"मी वीस वर्षं जे कमावलं ते असं फुकट नाही घालवणार."

"आणि पोरीची दहावी?"

त्यानं हातातला छर्रा फोममध्ये ठेवला, दुसरा उचलला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी लिफ्टनं खाली गेले, आणि पार्किंगमध्ये कारण नसताना दोन चकरा मारून वर आले. वर आले तेव्हा तो तसाच बसला होता, पण हातात छर्रा नव्हता. नुसताच बसला होता. तेव्हा मला पहिल्यांदा रागाच्या जागी भीती वाटली. हा माणूस कशाला तरी अडकलाय आणि त्याचं त्याला सुटता येत नाहीये, हे मला दिसलं.

मॅच शुक्रवारी होती, तिथल्या सुट्टीच्या दिवशी. तीस दिवसांतला शेवटचा आठवडा. मुलगी पुढच्या सीटवर, मी मागे, आणि फोमचा ट्रे माझ्या मांडीवर. नवरा गतिरोधकावर गाडी इतकी हळू घेत होता की मागचे हॉर्न वाजवत होते. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. एकदा तिनं खिशावर हात ठेवला, ते मी पाहिलं, पण रुमाल असेल असं वाटलं.

क्लबात बघणाऱ्यांनी मागे कठड्याशी उभं राहायचं आणि आवाज करायचा नाही. नवऱ्यानं ट्रे तिच्या टेबलावर स्वतःच्या हातानं ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला, तेव्हा कोच त्याला दंडाला धरून मागे घेऊन आला. मुलीनं जॅकेटचे पट्टे आवळले. मग तिनं ट्रे उचलून टेबलाच्या कडेला सरकवला, खिशात हात घातला आणि निळी डबी काढली. झाकणाला पोचा आलेली, प्रॅक्टिसची.

नवऱ्यानं कठडा इतका गच्च धरला की त्याची बोटं पांढरी पडली. तो पुढे झुकला, तोंड उघडलं, पण बोलायचं नव्हतं. मला हसू यायला लागलं. पोर शांतपणे एकेक छर्रा घालत होती, श्वास सोडत होती, मारत होती. आम्हा तिघांत तीच एकटी त्या दिवशी स्थिर होती.

ती तिसरी आली. तिच्या आजवरच्या मॅचमध्ये सगळ्यात चांगली. कोचनं तिच्या डोक्यावर थोपटलं आणि नवऱ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "बाळा, डबी चुकली का?"

"नो, बाबा."

"मग? अगं, एकेक पारखून दिला होता तुला. मॅचसाठीच होते ते."

"आय नो. बट आय डोन्ट नो देम," ती म्हणाली. "दीज वन्स आय नो. दोज आर टू स्पेशल, बाबा. आय गेट स्केअर्ड."

"पण ते चांगले आहेत गं."

"देन यू शुड हॅव लेट मी यूज देम."

ती हे भांडून म्हणाली नाही. सहज म्हणाली, आणि बाटलीतलं पाणी पीत गाडीकडे गेली. नवरा तिथेच उभा. ऊन डोक्यावर आलेलं, बाकीचे आईबाप मुलांचे फोटो काढत होते. मला वाटलं आता सासूबाईंची गोष्ट सांगावी, तोंडापर्यंत आलीच होती. पण त्याचा चेहरा बघून मी ती गिळली. काही गोष्टी ऐकून माणूस अधिकच ताठतो, आणि हा आधीच पुरेसा ताठलेला होता.

तो चालत पार्किंगच्या टोकाला गेला. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ, तरी त्यानं फोन लावला. मी थोडी मागे उभी होते, मला फक्त त्याचंच बोलणं ऐकू येत होतं.

"झोपला होतास का रे? सॉरी... ती जागा आहे अजून? ... हो, साइटचीच. ... नाही, मॅनेजरची नकोच. ... अरे, तुझ्या हाताखाली तर तुझ्या हाताखाली. ... आणि हे बघ, सर म्हणायचं बंद कर आता. शोभत नाही."

मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता.  जागा गेली असेल तर? या माणसानं इतके दिवस लावले, आता कोणी वाट बघत बसलं असेल कशाला? मी ज्या ज्या देवांना विसरले होते त्या सगळ्यांची तिथल्या तिथे आठवण काढली.

त्यानं फोन खिशात टाकला.

"रविवारी ये म्हणाला. कागद घेऊन." आणि मग, "त्या जागेसाठी एक माणूस कालच भेटून गेलाय म्हणे. पण यानं साहेबाला अडवून ठेवलंय. यल्ला, चल."

मी त्याच्या दंडाला धरून गाडीपर्यंत आले. रस्त्यात असं कधी आम्ही करत नाही.  फोमचा ट्रे मागच्या सीटवर पडून होता, आणि परतताना गतिरोधकावर गाडी नेहमीसारखी उडाली.

रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तो गेला आणि कामालाच लागला. व्हिसाचे कागद इतक्या ऐन वेळी सरकले की ते हातात येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. आठवडाभर तो तिकडेच राहायचा, चौघांत एक खोली, आणि गुरुवारी संध्याकाळी बसनं घरी. घरात त्याच्या फेऱ्या नव्हत्या, आणि मला वाटलं होतं तसं बरं मात्र अजिबात वाटत नव्हतं. आता बाल्कनीत मीच जाऊन उभी राहायची.

पहिल्या गुरुवारी तो आला तेव्हा नाक उन्हानं सोललेलं आणि कपाळावर हेल्मेटचा वळ. अंघोळ करून बसला. मी ताटल्या मांडल्या. पलंगाखालचं खोकं मी दुपारीच फोडलं होतं. त्यानं पांढऱ्या ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुपचूप आमटी वाढून घेतली.

तेवढ्यात मुलगी तिच्या खोलीतून आली आणि त्याच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. फोमचा रिकामा ट्रे आणि एक कार्ड.

"संपले?" तो म्हणाला.

"ऑल."

"सगळे? प्रॅक्टिसला?"

"म्हं."

त्यानं कार्ड उचललं, दिव्याखाली धरलं. पाच छर्रे एकाच भोकातून गेलेले, एवढंसं भोक, पण ते काळ्या वर्तुळाच्या मध्यावर नव्हतं. वर, डावीकडे. त्याच्या डोळ्यांत तो जुना क्वालिटीवाला क्षणभर जागा झाला.

"बघ, बघ," तो म्हणाला. "छर्रा उत्तम आहे. फक्त जागा हलली. दोन क्लिक. रायफलीची नेमाची साइट दोन क्लिक फिरवली असतीस तर..."

मुलीनं पाठीमागे धरलेलं दुसरं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं. तेच एवढंसं भोक, बरोब्बर मध्यावर.

"आय डिड, बाबा. टू क्लिक्स."

त्यानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.  मग म्हणाला, "आणि मला फोन करून सांगितलं नाहीस?"

"यू वर अ‍ॅट वर्क," ती म्हणाली आणि भात पुढे ओढून जेवायला लागली.

मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले. बाबा कामावर होता. इतकं साधं वाक्य, पण आमच्या घरात ते कोणीतरी किती तरी दिवसांनी म्हटलं होतं.